तीन मिनिटांवर तीन वर्षं

मुंबईत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशाची प्राथमिक फेरी असली की सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात एक वेगळीच कुजबुज ऐकू येते. कुणी भिंतीकडे तोंड करून ओठातल्या ओठात संवाद घोळवत असतं. कुणी जिन्यात बसून वहीच्या पानावर बोट फिरवत असतं. कुणाला तहान लागलेली असते, पण पाणी प्यायला गेलो आणि नेमकं नाव पुकारलं तर, या धास्तीने जागचं हलवत नाही. रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेली, रेल्वे स्टेशनवरच तोंड धुतलेली मुलं-मुली असतात. प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्रमाणपत्रांची एक फाइल असते.

आत गेल्यावर समोर चार-पाच परीक्षक आणि मधे मोकळी जागा. साधारण तीन मिनिटांचा एक उतारा सादर करायचा, मग त्याहून वेगळ्या प्रकृतीचा दुसरा. या मिनिटांवर पुढची तीन वर्षं ठरायला सुरुवात होते: दिल्लीतलं शिक्षण, वसतिगृहातली जागा आणि दर महिन्याला मिळणारी शिष्यवृत्ती.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे एनएसडी. संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये ते सुरू केलं आणि १९७५ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. दिल्लीत भगवानदास रस्त्यावरच्या बहावलपूर हाउसमध्ये तिचा कारभार चालतो. या संस्थेला आकार दिला तो इब्राहिम अल्काझी यांनी. पुण्यात जन्मलेले आणि तिथेच शाळा शिकलेले अल्काझी लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेतून शिकून आले. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं ते एनएसडीचे संचालक होते. नाटक ही हौसेची गोष्ट असली तरी ती शिकता येते, आणि शिकायची तर शिस्तीने, पूर्ण वेळ देऊन शिकावी लागते, ही धारणा त्यांनी संस्थेत रुजवली.

पूर्ण वेळ द्यायचा म्हणजे त्या काळात कमाई शून्य. सकाळच्या शरीरव्यायामापासून रात्रीच्या तालमीपर्यंत दिवस भरलेला असला की शिकवण्या घेणं किंवा संध्याकाळची नोकरी करणं जमत नाही. म्हणूनच एनएसडीत प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती मिळते. काही वर्षांपूर्वी ती महिन्याला ८,००० रुपये होती. या रकमेत दिल्लीत चैन होत नाही, पण मेसचा खर्च भागतो आणि घरी हात पसरावा लागत नाही. प्रवेशाची फेरी आणि शिष्यवृत्तीची फेरी इथे एकच. जो निवडला गेला, त्याच्या शिक्षणाचा भार देशाने उचलला.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. नाटक करून पोट भरतं का, हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू शकतो. ज्याच्या घरात शिक्षणावर खर्च केलेला प्रत्येक रुपया पुढच्या पगाराशी ताडून पाहिला जातो, त्याला ते शक्य नसतं. त्याच्यासाठी शिष्यवृत्ती हाच नाट्यशिक्षणाचा दरवाजा असतो.

इरफान खान यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जयपूरला वडिलांचा टायरचा व्यवसाय होता. १९८४ मध्ये इरफान एनएसडीत दाखल झाले, त्याच सुमारास वडील वारले. घरून पैसे येण्याची वाट बंद झाली, आणि त्यांचं शिक्षण शिष्यवृत्तीच्या आधारावर पुरं झालं. ती नसती तर भारतीय चित्रपटाला हा नट मिळाला असता का, याचं उत्तर देता येत नाही. त्याचा रस्ता अधिक खडतर झाला असता, एवढं मात्र खरं.

एनएसडीत गेलेल्या मराठी मंडळींची यादीही मोठी आहे. उत्तरा बावकर १९६८ मध्ये तिथून पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे ‘तुघलक’मधल्या सुलतानाच्या सावत्र आईपासून ‘ऑथेल्लो’तल्या डेस्डेमोनापर्यंत अनेक भूमिका त्यांनी गाजवल्या. पुण्याच्या रोहिणी ओक १९७४ मध्ये पदवीधर झाल्या. रोहिणी हट्टंगडी या नावाने जग त्यांना ओळखू लागलं आणि ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. ज्योती सुभाष आणि त्यांची कन्या अमृता सुभाष या दोघीही याच शाळेच्या विद्यार्थिनी. अभियांत्रिकीचं शिक्षण सोडून सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर रमलेले अतुल कुलकर्णी १९९५ मध्ये तिथून बाहेर पडले. बीड जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले वामन केंद्रे तिथे शिकले आणि २०१३ ते २०१८ या काळात त्याच शाळेचे संचालक झाले.

निवड होते कशी, हे समजून घेतलं तर अर्धी भीती कमी होते.

पहिली चाळणी कागदावरची. उमेदवाराकडे कोणत्याही शाखेची पदवी हवी. वय १८ ते ३० च्या दरम्यान हवं, अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात सवलत आहे. हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान हवं. आणि निदान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतल्याचा पुरावा हवा. शेवटच्या अटीवर अनेक मराठी मुलं अडखळतात. त्यांनी नाटकं भरपूर केलेली असतात, पण पुरावा ठेवलेला नसतो. गणेशोत्सवातली नाटकं, महाविद्यालयाच्या एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतल्या भूमिका असं सगळं केलेलं असतं, पण कार्यक्रमपत्रिका हरवलेली असते आणि प्रमाणपत्र कुणी दिलेलंच नसतं.

दुसरी पायरी म्हणजे प्राथमिक फेरी. ती देशातल्या वेगवेगळ्या शहरांत होते, मुंबई त्यांपैकी एक. इथे तयार केलेले उतारे सादर करायचे असतात. ते कोणत्या प्रकारच्या नाटकांतून निवडायचे याच्या सूचना असतात: संस्कृत परंपरेतलं नाटक, आधुनिक भारतीय नाटक, पाश्चात्त्य नाटक. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’, मोहन राकेश यांचं ‘आषाढ़ का एक दिन’, धर्मवीर भारती यांचं ‘अंधा युग’, चेखॉव्ह किंवा शेक्सपिअर यांची नाटकं, हे या क्षेत्रातलं नेहमीचं वाचन. सादरीकरणानंतर प्रश्न सुरू होतात. हे नाटक पूर्ण वाचलंय का? या पात्राने हे बोलायच्या आधी काय घडलेलं असतं? अलीकडे कोणतं नाटक पाहिलं? ते का आवडलं नाही?

यातून निवडलेल्यांना अंतिम फेरीसाठी दिल्लीला बोलावतात. तिथे चार-पाच दिवसांची कार्यशाळा असते. शरीर, आवाज, लय, गाणं, गटात काम करणं, हातातल्या एखाद्या वस्तूवरून प्रसंग उभा करणं, असं सगळं त्यात येतं. मुलाखत होते आणि वैद्यकीय तपासणीही. एका वर्गाच्या जागा पूर्वी २० असत, नंतर त्या २६ झाल्या आणि अलीकडे ३२. संपूर्ण देशासाठी एवढ्याच जागा.

कार्यशाळेचे हे चार-पाच दिवसच सारं गुपित उघड करतात. परीक्षकांना तयार नट निवडायचा असता, तर तीन मिनिटांचा उतारा पुरला असता. त्यांना विद्यार्थी निवडायचा असतो. ज्याच्या शरीरात, आवाजात आणि डोक्यात शिकायला जागा आहे, दुसऱ्याचं ऐकून घेण्याची तयारी आहे आणि जो गटात राहून काम करू शकतो, असा माणूस ते शोधत असतात.

म्हणूनच परीक्षक मधेच थांबवतात. एखादी मुलगी तावातावाने संवाद म्हणत असते. परीक्षक तिला अडवून सांगतात की हेच शब्द आता शेजारी झोपलेल्या बाळाला जाग येऊ न देता बोल. किंवा भाजी निवडता निवडता बोल. गोंधळून जाणारे असतात. आपलं काहीतरी चुकलं असं समजून रडकुंडीला येणारेही असतात. खरं तर अडवलं जाणं हे बहुतेकदा चांगलं लक्षण. समोरच्याला आपल्यात काहीतरी दिसलं आहे आणि ते अजून कुठवर जातं हे त्याला पाहायचं आहे. त्या क्षणी जो पाठांतर सोडून देऊन खरोखर भाजी निवडायला बसतो, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी इथे एक अवघड वळण आहे. मराठी महाविद्यालयीन रंगभूमीची शाळा म्हणजे एकांकिका स्पर्धा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालत आलेला आहे. त्याच्या जोडीला मुंबई, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर अशा ठिकाणच्या कितीतरी स्पर्धा आहेत. या स्पर्धांनी महाराष्ट्राला नट, दिग्दर्शक, लेखक आणि तंत्रज्ञ दिले. इतर राज्यांतल्या मुलांना सहा नाट्यप्रयोग जमवता जमवता नाकी नऊ येतात, तर इथला मुलगा दुसऱ्या वर्षातच तो आकडा ओलांडतो.

पण स्पर्धेची सवय वेगळी असते. भरलेल्या सभागृहात शेवटच्या रांगेतल्या मित्रांच्या आरोळ्यांवर स्वार होऊन बोलायचं, टाळीचं वाक्य पेलायचं, वैयक्तिक अभिनयाच्या बक्षिसासाठी आपली जागा दाखवून द्यायची. ऑडिशनच्या खोलीत यातलं काहीच नसतं. प्रकाशयोजना नाही, पार्श्वसंगीत नाही, आरोळ्या नाहीत, समोरचं पात्रही नाही. दहा फुटांवर बसलेल्या माणसापुढे सभागृहाच्या मापाचा आवाज लावला की तो त्याच्या अंगावर येतो. ज्या गोष्टींनी करंडक मिळवून दिला, त्याच इथे आड येतात. हे आधी कुणी सांगितलं असेल तर सावरता येतं. बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

उताऱ्याच्या निवडीतही हेच घडतं. मराठी मुलगा हमखास ‘नटसम्राट’कडे वळतो आणि मुलगी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाईंच्या स्वगताकडे. दोन्ही नाटकं थोर, त्यात शंका नाही. पण वि. वा. शिरवाडकरांचे आप्पासाहेब बेलवलकर हे आयुष्य मागे टाकून आलेले वृद्ध नट आहेत. १९७० मध्ये ती भूमिका पहिल्यांदा उभी करताना डॉ. श्रीराम लागू स्वतः ४३ वर्षांचे होते आणि तरीही तिचं वजन पेलणं त्यांना सोपं गेलं नाही. बावीस वर्षांचा मुलगा ते स्वगत घेतो तेव्हा तो बहुधा बेलवलकर करत नसतो, लागूंची ध्वनिफीत करत असतो. बेणारेबाईंचंही तसंच. १९६७ मध्ये सुलभा देशपांडे यांनी साकारलेली तिशी ओलांडलेली ती शिक्षिका आख्खं नाटकभर हसत, चिडवत, खेळत आलेली असते, आणि मग ते स्वगत येतं. आधीचं हसणं पोटात नसेल तर उरतो तो नुसता आक्रोश.

आपल्या वयाच्या जवळचं पात्र घ्यावं, असं जाणकार शिक्षक सांगतात. त्याला नाटकात त्या क्षणी कुणाकडून तरी काहीतरी हवं असावं. पैसे, माफी, परवानगी, उत्तर, काहीही. हवंपण असलं की तीन मिनिटं आपोआप पुढे सरकतात. नुसती आठवण किंवा तक्रार असली की ती जागच्या जागी गोल फिरतात. दोन उताऱ्यांमधला फरकही खरा असावा. एक रडका आणि दुसरा जास्त रडका, अशी जोडी घेऊन जाणारे कमी नसतात.

भाषेचा प्रश्नही मनातून काढून टाकता येत नाही. हिंदी कामापुरती येणं वेगळं आणि हिंदीत श्वास घेऊन बोलणं वेगळं. मराठी ‘च’ आणि ‘ज’ हिंदी वाक्यात डोकावतात आणि मुलं त्याचीच लाज बाळगून आवाज आत ओढतात. यावर उपाय साधा आहे: सहा महिने रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाचणं. उच्चार सुधारतोच, शिवाय त्या निमित्ताने दहा-बारा नाटकं वाचून होतात, आणि मुलाखतीत तीच उपयोगी पडतात. इंग्रजीचा न्यूनगंड घेऊन आलेले विद्यार्थीही या शाळेने मोठे केले आहेत. पंजाबातून आलेले ओम पुरी हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. त्यांच्याच वर्गात नसिरुद्दीन शाह होते आणि १९७३ मध्ये दोघंही एकत्र बाहेर पडले.

एवढं सगळं करूनही नकार येतो. हजारो इच्छुक आणि तीस-बत्तीस जागा म्हटल्यावर तो बहुतेकांना येणारच. मनोज बाजपेयी यांना एनएसडीने एकापाठोपाठ तीनदा नाकारलं. ते दिल्लीतच राहिले, रंगकर्मी बॅरी जॉन यांच्या कार्यशाळेत शिकले, नंतर त्यांच्याबरोबर शिकवूही लागले. पंकज त्रिपाठी बिहारमधल्या गोपालगंज जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. पाटण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करत त्यांनी नाटक केलं, आधीच्या प्रयत्नांत अपयश पचवलं, आणि २००४ मध्ये ते एनएसडीतून बाहेर पडले. परीक्षकांचा निर्णय त्या दिवसापुरता, त्या वर्गापुरता असतो. वर्ग बांधताना त्यांना वेगवेगळ्या प्रांतांचे, वेगवेगळ्या स्वभावांचे, मुलगे आणि मुली असे सगळे हवे असतात. चांगला असूनही एखादा त्या वर्षीच्या मांडणीत बसत नाही.

समुद्रापलीकडेही चित्र फारसं निराळं नाही. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संस्थेचा नाट्यविभाग १९६८ मध्ये सुरू झाला. तिथेही परस्परांहून वेगळ्या प्रकृतीचे उतारे, मग पुन्हा बोलावणं, आणि शेवटी एका वर्गात अवघे वीसेक विद्यार्थी. अ‍ॅडम ड्रायव्हर यांना तिथे आधी नकार मिळाला. ते अमेरिकेच्या मरीन दलात गेले, दुखापतीमुळे बाहेर पडले, पुन्हा ऑडिशन दिली आणि २००९ मध्ये पदवीधर झाले. फरक आहे तो पैशाचा. अमेरिकेत नाट्यशिक्षणाचं शुल्क बहुतेक ठिकाणी प्रचंड असतं, त्यामुळे प्रवेश मिळाला तरी शिष्यवृत्तीशिवाय तो अनेकांना घेता येत नाही. ज्युलियार्डमध्ये शिकलेले रॉबिन विल्यम्स यांनी पुढे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. तिच्या बळावर शिकलेल्या जेसिका चॅस्टेन यांनी नंतर ऑस्कर पटकावलं. आपल्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या विल्यम्स यांना त्या कधी भेटू शकल्या नाहीत. एका नटाने दुसऱ्याचं शिक्षण केलं आणि दोघांची ओळखही झाली नाही. मराठी रंगभूमीवर यशस्वी झालेल्यांनी हे उदाहरण जरूर मनावर घ्यावं.

दिल्ली हा एकच रस्ता नाही, हेही मुलांना सांगायला हवं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातली कितीतरी मुलं घडवली आहेत. गोव्यात कला अकादमीची नाट्यशाळा आहे. एनएसडीची बंगळुरू, गंगटोक, आगरतळा आणि वाराणसी इथेही केंद्रं आहेत. याशिवाय केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयोगटातल्या, आधी काही वर्षं प्रशिक्षण घेतलेल्या कलावंतांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये मिळतात. नृत्य आणि संगीताचे विद्यार्थी तिच्यासाठी नेमाने अर्ज करतात, कारण त्यांचे गुरू त्यांना ते करायला लावतात. नाटकाच्या मुलांना गुरू नसतो, ग्रुप असतो. ग्रुपमध्ये अर्जाची आठवण करून देणारं कुणी असतंच असं नाही.

आणि नेमकं हेच काम महाविद्यालयांनी अंगावर घ्यायला हवं. एकांकिकेच्या तालमीसाठी वर्गखोली देणारं, करंडक आला की मुख्य दारात फलक लावणारं महाविद्यालय आणखी थोडं करू शकतं. प्रत्येक प्रयोगानंतर सहभागी विद्यार्थ्याला लेटरहेडवर, तारखेसह, भूमिकेच्या नावासह प्रमाणपत्र द्यावं. ग्रंथालयात हिंदी नाटकांचं एक कपाट असावं. ऑडिशन दिलेल्या माजी विद्यार्थ्याला वर्षातून एक दुपार बोलवावं आणि दहा फुटांवरून बोलणं म्हणजे काय, हे मुलांना करून दाखवायला सांगावं. एनएसडीच्या प्रवेशाची जाहिरात दरवर्षी निघते. ती सूचनाफलकावर, परीक्षेच्या वेळापत्रकाच्या शेजारी लावावी. तिच्याखाली ठळक अक्षरांत एवढंच लिहावं: निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते.